चोवीस कोअर आणि मे महिन्यातली पाटी

मे महिना लागला की माझ्या फोनवरच्या तक्रारींचा सूर बदलतो. जानेवारीत जी माणसं विचारतात, "मॅडम, अजून फास्ट होईल का?", तीच मे महिन्यात विचारतात, "मॅडम, हे जळणार तर नाही ना?" मी कॉम्प्युटर जुळवते. दुकानात खोक्यात बंद मिळतात तसले नव्हेत. ज्यांचं काम अवजड आहे त्यांच्यासाठी एकेक भाग निवडून, हाताने बसवून. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर माझा गाळा आहे. शेजारी चेन आणि बक्कल बनवणारे, समोर लेबलं छापणारे, आणि मधल्या व्हरांड्यात शाईचा आणि तापलेल्या पत्र्याचा मिसळलेला वास. या वासात इतकी वर्षं काढल्यावर मी एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकते. वेग दुकानात मिळतो, पण त्याच्याबरोबर येणारी गरमी कुठे सोडायची ते आपलं आपण ठरवावं लागतं.

परवा नवा प्रोसेसर आला. मी तो तळहातावर घेऊन बघत बसले. ही माझी जुनी खोड आहे. बिस्किटाएवढा चौकोन, वर चकचकीत धातूचं झाकण, हाताला गार. इतका गार आणि इतका गरीब चेहऱ्याचा, की हा पुढे जाऊन काय धिंगाणा घालणार आहे ते सांगूनही कुणाला पटणार नाही. आत किती कोअर आहेत ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि वीज किती खाणार ते बारीक अक्षरांत. दरवर्षी मोठी अक्षरं आणखी मोठी होतात. खिडकीतून झळ आली, झाकणावर माझ्या अंगठ्याचा घामट ठसा उमटला, आणि मला मेघनाच्या सिनेमाचा तो मे महिना आठवला.

मेघना माझी शाळेपासूनची मैत्रीण. दहिसरला राहते, नोकरी अंधेरीत, आणि नोकरीतून उरलेल्या वेळात चार वर्षं ती एक आठ मिनिटांचा ॲनिमेशनपट करत होती. माझ्याच मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाचा छोटा गाळा तिने त्यासाठी घेतला होता. गोष्ट साधी. दहिसर नदीतला एक खेकडा, गाळातून आणि प्लास्टिकच्या पिशव्यांमधून वाट काढत शेवटी समुद्रावर पोहोचतो. अर्धवट झालेली फिल्म बघूनच एका महोत्सवाने ती निवडली होती. अट एकच, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत पूर्ण फिल्म पोहोचली पाहिजे. नाही पोहोचली तर जागा दुसऱ्याला. बाकी सगळं तयार होतं. फक्त शेवटचा अर्ध्या मिनिटाचा समुद्र राहिला होता, आणि समुद्र हे फार कठीण प्रकरण. लाटेतून उजेड कसा जातो, फेसावर कसा फुटतो, याचा हिशेब कॉम्प्युटरला एकेका चित्रासाठी नव्याने मांडावा लागतो. अशी सातशे वीस चित्रं. तिचं जुनं मशीन एका चित्राला पाऊण तास घेत होतं.

"चोवीस कोअरचं मशीन बांधून देते," मी म्हणाले. "मंगळवारी चालू करू, गुरुवारी संध्याकाळी तू मोकळी."

"नक्की ना वैशू? माझ्याकडे दुसरा चान्स नाहीये."

"मी बोलले ना. चोवीसच्या चोवीस फुल पळवून दाखवते तुला."

हे 'फुल' प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात. पूर्वी एक असायचा, मग दोन झाले, चार झाले. आता नखाएवढ्या जागेत चोवीस हात बसवतात आणि सगळ्यांना एकदम कामाला लावतात. त्यांना वीज किती द्यायची यावर एक मर्यादा असते, पण अनेक मदरबोर्ड ती मर्यादा कारखान्यातूनच सैल सोडून येतात, म्हणजे चाचणीत आकडे देखणे दिसतात. मला हे माहीत होतं. आमच्या धंद्यात ते सगळ्यांनाच माहीत असतं. पण मर्यादा लावून मशीन देणं म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धा ग्लास उसाचा रस दिल्यासारखं वाटतं, आणि मला तर माझ्या हाताचा भलताच अभिमान होता. मी प्रोसेसरच्या डोक्यावर सर्वात मोठा कूलर घातला, पुढे तीन पंखे, मागे एक, दोघांच्या मधली थर्मल पेस्ट अशी लावली की जणू पुरणपोळीवर तूप. मंगळवारी दुपारी एक वाजता आम्ही बटण दाबलं. पहिलं चित्र साडेचार मिनिटांत आलं. मेघनाने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा कॅबिनेटवर पडला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा मात्र शंभरला जाऊन चिकटला होता. मी तो दिसेनासा करण्यासाठी वर दुसरी खिडकी ओढली. हे आता सांगायला लाज वाटते, पण ओढली खरी.

आमच्या वेसाव्याच्या घरात मे महिना वेगळ्याच वासाचा असायचा. बांबूंवर वाळणारे बोंबील, ताडपत्रीवर पसरलेला जवळा, आणि पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या दिवसांसाठी घरोघर चाललेली साठवण. पत्रा इतका तापायचा की दुपारी आम्ही मुलं जमिनीला पाठ लावून पडायचो, आणि जागा गरम झाली की सरकून पुढच्या गार फरशीवर जायचो. माझी आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. तिला मी लहानपणापासून बर्फाशी भांडताना बघितलंय. कॉलेजात मला उष्णतेचं गणित शिकवलं तेव्हा मी पुस्तकातल्या आकृत्या बघून मनात म्हणायचे, हे तर आई रोज सकाळी करते. मनात म्हणणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

बुधवारी सकाळी आम्ही गाळा उघडला तर आतून बंद भट्टीसारखी वाफ आली. मशीन मेलेलं. जाताना आम्ही वसाहतीच्या नियमाप्रमाणे खिडक्या लावून गेलो होतो. त्या बंद खोलीत मशीन आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत राहिलं आणि रात्री एकच्या सुमारास त्याने मान टाकली. दीडशेच्या वर चित्रं झाली होती, बाकीची नव्हती.

"वाट लागली," मेघना खुर्चीत बसत म्हणाली.

"काही लागली नाही. एसी लावू, पुन्हा चालू करू."

एसी लावला. दुपारी दोनपर्यंत सगळं झकास चाललं. मग खट्. एमसीबी पडला आणि एसी, मशीन, दिवे सगळंच गेलं. वसाहतीतले उस्मानभाई वायरमन आले, त्यांनी व्हरांड्यातल्या लोखंडी पेटीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "मॅडम, डब्बा धूप में है," ते म्हणाले. "एमसीबी खुद गरम है, इसलिए जल्दी गिरता है. या एसी चलाओ या ये राक्षस चलाओ. दोनों नहीं." विजेची वाट अडवणारा खटकासुद्धा उन्हाने चिडलेला होता. त्या दिवशी मला वाटलं, या शहरात मे महिन्यात फक्त मीच एकटी डोकं शांत ठेवून आहे. प्रत्यक्षात सर्वात आधी माझंच डोकं फिरलं.

कारण मी काय केलं, तर रिक्षा केली, घरी गेले, आईची थर्माकोलची पेटी उचलली, बर्फवाल्याकडून ती काठोकाठ भरून घेतली आणि परत आले. आई बाजारात होती, तिला विचारलंही नाही. पेटी मशीनच्या समोर स्टुलावर ठेवली, मागे टेबलफॅन लावला आणि एसीशिवाय मशीन पुन्हा चालू केलं. गार वारा थेट मशीनच्या तोंडात. मी मेघनाकडे विजयी मुद्रेने बघितलं. "कोळ्याच्या पोरीला गारवा शिकवू नका," असंही काहीतरी बोलले. गाळाभर मांदेलीचा वास सुटला होता, पण तापमान खरंच पाच-सहा अंशांनी उतरलं.

अर्ध्या तासाने मेघना ओरडली. "वैशू, पाणी! पाणी बघ!"

मासळीच्या पेटीला तळाशी भोक असतं. वितळलेलं पाणी साचू नये म्हणून ते मुद्दाम पाडतात. साचलेल्या पाण्यात मासळी नासते. कोळीवाड्यात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी जिच्या कडेवर बसून ते भोक बघत मोठी झाले तिच्याच पेटीचं भोक विसरले होते. पाण्याची एक बारीक धार स्टुलाच्या पायावरून उतरून, फरशीच्या फटीतून, अगदी शिस्तीत एक्स्टेन्शन बोर्डाकडे निघाली होती. दोन बोटं अंतर राहिलं होतं. मी प्लग ओढला. मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं, या वेळी माझ्या हाताने.

सव्वादोनशे चित्रं झाली होती, पाचशेला थोडी कमी बाकी होती, आणि शुक्रवारी पाचला जेमतेम दोन दिवस. मेघना रडत नव्हती. ती फरशी पुसत होती, आणि ते बघणं जास्त कठीण होतं.

तेवढ्यात दारात आई उभी राहिली. बाजार आटपून घरी गेलेली, पेटी जागेवर नाही म्हणून बर्फवाल्याला विचारून, माग काढत आलेली.

"माजी पेटी कुठं हाय?"

"ही काय. ओली आहे अजून."

"पेटी वलीच असते. कुनाला इचारून नेलीस?"

मेघनाने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी सांगण्याआधीच सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, समुद्र, खेकडा, खट्कन पडलेला एमसीबी. आईने ऐकून घेतलं, उठली आणि मशीनच्या मागच्या जाळीला उलटा हात लावला. आम्ही आजारी असलो की ती असाच हात गळ्याला लावते.

"ताप हाय याला."

"आई, तापणारच ना. चोवीस कोअर आहेत आत. म्हणजे चोवीस जणी कामाला बसल्यात समज."

"कवऱ्या जागंत?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं.

"आनि समद्या एकदम पलतात?"

"हो. फुल."

"मे म्हैन्यात?" आई म्हणाली.

आई पदर खोचून पेटी उलटी करत होती. "मे म्हैन्यात मी पाटी कवरी भरतंय, तुना म्हायती हाय ना?"

माहीत होतं. थंडीत तिची पाटी शिगोशीग भरलेली असते, वर पापलेटांचा डोंगर. मे महिन्यात मात्र ती कडेपासून चार बोटं खाली थांबते. बंदरावर माल स्वस्त असो, बाजूच्या बायका दुप्पट भरत असोत, ती भरत नाही. लहानपणी मला तिचा राग यायचा. मला वाटायचं, माझी आई भित्री आहे.

"गच्च भरली का मधल्या मासलीला बरफ लागत नाय गो," आई म्हणाली. "भायेरून हात लावशील तं गार. पन मधली पयली जाते. आनि मधली गेली का तिच्या संगं चांगली पन जाते. बरफ किती बी घाल वरशी. कमी न्याचा, पन समदा इकून याचा." एवढं बोलून ती पेटी काखोटीला मारून निघाली. जाताना मेघनाच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, माझ्या नाही.

मधली मासळी. मी मशीन पुन्हा चालू करून तापमानाची खिडकी वर आणली आणि एकेका कोअरच्या आतापर्यंतच्या नोंदी बघितल्या. कडेचे कोअर त्यातल्या त्यात बरे होते. मधले कायम उकळत होते. मी बाहेर कितीही मोठा कूलर लावला तरी नखाएवढ्या जागेतून ती उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचायलाच वेळ लागत होता. मधले तापले की प्रोसेसर घाबरून सगळ्यांचाच वेग तोडायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा तोडायचा. आणि या धावपळीला लागणारी शेवटची सगळी वीज वेगासाठी जातच नव्हती. ती खोली तापवत होती, उस्मानभाईंचा डबा तापवत होती, आणि आम्हा दोघींना.

"मी पॉवर कमी करतेय," मी मेघनाला म्हणाले. "जवळजवळ निम्मी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आधीच उशीर झालाय आणि तू स्लो करतेस?"

"एका चित्राला साडेचारच्या जागी पाच मिनिटं लागतील. पण थांबणार नाही. शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या आत सगळी होतात."

"आणि नाही झाली तर?"

मी तिच्याकडे बघितलं. शाळेत असताना तिने माझ्यावर भरवसा ठेवून विहिरीत उडी मारली होती, तेव्हाही तिचा चेहरा असाच होता. "होतील," मी म्हणाले. त्या आठवड्यात पहिल्यांदा मी आकडे बघून बोलत होते.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेल्या सेटिंगमध्ये, जाऊन मर्यादा लावली. एसी बंदच ठेवला, खिडक्या सताड उघडल्या, खिडकीतला धूळ खात पडलेला एक्झॉस्ट चालू केला म्हणजे गरम हवेला बाहेरची वाट मिळाली. आईच्या पेटीचं भोक मी अशा रीतीने उशिरा का होईना वापरलं. वसाहतीच्या रखवालदाराला गळ घालून रात्रीही खिडकी उघडी ठेवायची परवानगी मिळवली. बुधवारी पाच वाजता मशीन पुन्हा कामाला लागलं. पंख्यांची किंकाळी गेली होती, उरली होती फक्त एक घरघर, दुपारी जेवून झोपलेल्या माणसासारखी. आकडा पंचाहत्तरच्या आसपास गेला आणि तिथेच मांडी घालून बसला.

गुरुवार मला तासातासाने आठवतो. एसीशिवाय आम्ही दोघी घामाने निथळत होतो आणि मशीन मजेत होतं. समोरच्या छापखान्यातून कैरीचं पन्हं आलं. मेघना दर पाच मिनिटांनी नवं चित्र उघडून बघायची. फेस थोडा सरकलेला, खेकड्याचा एक पाय उचललेला, पुढच्या चित्रात तो किंचित खाली. दुपारी व्हरांड्यातला पत्रा कडकड वाजला तेव्हा आम्ही दोघींनीही दचकून एमसीबीच्या पेटीकडे बघितलं. खटका जागेवर होता. मला तेव्हा आईबद्दल काय वाटलं ते सांगते. लाज वाटली. जिला मी भित्री समजत होते ती रोज पहाटे बंदरावर, चार बायकांच्या देखत, कमी माल उचलायचं धाडस करत होती. गच्च भरायला काही लागत नाही. हात आखडून 'बस' म्हणायला आपल्या मालाचा आणि आपल्या उन्हाचा नीट अंदाज लागतो.

त्यानंतर मी बांधलेल्या प्रत्येक मशीनवर मर्यादा लावूनच देते. गिऱ्हाइकं कुरकुरतात. परवाच एक तरुण संगीतकार भांडला, "मॅडम, पैसे चोवीसचे दिलेत, मग बांधून का ठेवता?" मी त्याला दोन्ही पद्धतींनी तेच काम करून दाखवलं, हात मागच्या जाळीवर ठेवायला लावला, आणि मग त्याने वाद घातला नाही. नव्या प्रोसेसरमध्ये कोअर आणखी वाढलेत, पुढच्या वर्षी आणखी वाढतील. वाढू देत. मला त्यांची भीती वाटत नाही. पाटी मोठी झाली म्हणून ऊन कमी होत नाही, एवढं लक्षात ठेवलं की काम सोपं आहे. आईचे गुडघे आता कुरकुरतात. ती आठवड्यातून तीनच दिवस बाजारात जाते आणि मी काळजीने काही बोलायला गेले की म्हणते, "मी कमी भरलीय, बंद नाय केली."

शुक्रवारचं सांगायचं राहिलं. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सातशे विसावं चित्र आलं. खेकडा ओल्या वाळूवर थांबलेला, आणि त्याच्यावरून पातळ काचेसारखी लाट परत जाते आहे. मेघनाने फिल्म पाठवली, पोहोचल्याचं उत्तर आलं, आणि मग ती टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. ती बाजारात होती, मागे भाव करणाऱ्यांचा गलका होता.

"आई, झालं. वेळेत पोहोचलं सगळं."

"काय उरला?"

"काय नाय उरलं."

कुणीतरी तिला बांगड्याचा भाव विचारत होतं.

"मंग बरोबर भरली व्हतीस," आई म्हणाली.